डीटीपीच्या जुन्या मशिनमध्ये आरएक्स ५८० : कार्ड, खर्च आणि गोलाणीतलं दुकान

एकूण खर्च १६,९०० रुपये. तेवढ्यात २०१४ सालचं, लग्नपत्रिका काढून काढून दमलेलं मशिन, आरएक्स ५८० हे जुनं ग्राफिक कार्ड आणि आणखी काही सुटे भाग घालून, रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम चालवायला लागलं. अल्ट्रा सेटिंगवर नाही. १०८० पिक्सेलवर, मध्यम ते हाय सेटिंगला, सेकंदाला ४५ ते ५५ फ्रेम. एवढंच कळायला हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा लांबण लावते, कारण हे पैसे कुठल्या क्रमाने गेले त्यावर सगळं अवलंबून आहे. आणि तो क्रम मी नाही ठरवला, जळगावच्या गोलाणी मार्केटात जुना माल विकणाऱ्या एका भाऊंनी ठरवला.

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दहाव्याची कार्डं, आधारच्या झेरॉक्सवर सही करायला पेन मागणारी गिऱ्हाइकं. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच मशिनवर माझं चालू. दोन मशिन ठेवायला ना जागा, ना पैसा. मशिन म्हणजे इंटेल आय-५ ४५७०, एच-८१ चा मदरबोर्ड, डीडीआर-३ ची ८ जीबीची एकच रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि असेंबल करणाऱ्याने कॅबिनेटबरोबरच दिलेला एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा. कोरल ड्रॉ उघडायला लावून मी चहा ठेवायला जायचे, चहा उकळला तरी ते उघडत असायचं.

विप्रो १९४५ साली याच अमळनेरात सुरू झाली, वनस्पती तुपाची गिरणी म्हणून. तिचं पुढे आयटीत काय झालं ते जगाला माहीत आहे, पण आज गावात ग्राफिक कार्ड घ्यायला निघालात तर प्रिंटरची शाई घेऊन परत याल. त्यामुळे सुरत-भुसावळ लाइनची गाडी पकडायची आणि जळगाव गाठायचं. सीपीयू मांडीवर घेऊन बसावं लागतं, वर ठेवला तर धरणगाव येईपर्यंत त्याच्यावर कुणाची तरी केळीची पाटी येते.

आधी एका दुसऱ्या दुकानात विचारलं होतं. तिथल्या पोराने आरएक्स ६५००-एक्सटी पुढे केलं. नवीन, सीलबंद, वॉरंटीसह. एसएमपीएसचं विचारलं तर म्हणाला, कन्व्हर्टर केबल देतो, होऊन जाईल. कागदावर पाहिलं तर कार्ड २०२२ चं, म्हणजे ५८० पेक्षा पाच वर्षांनी नवं, वीजही कमी खातं. कुणालाही तेच घ्यावंसं वाटेल.

गोलाणीतल्या भाऊंना मी त्याच कार्डाबद्दल विचारलं. त्यांनी आधी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि बोर्डावरचं नाव वाचलं. एच-८१ म्हटल्यावर मान हलवली. कारण असं, की ६५००-एक्सटी बोर्डाशी फक्त चार लेनवर, म्हणजे डेटाच्या चार वाटांवर, बोलतं. नव्या बोर्डावर ते खपून जातं, कारण तिथली प्रत्येक लेन वेगवान असते. एच-८१ चा स्लॉट मात्र पीसीआय एक्सप्रेस २.० चा, त्यामुळे चार लेनमधून सेकंदाला २ जीबीच डेटा जातो. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की गेम मशिनच्या रॅमकडे धावणार आणि त्या अरुंद बोळात अडकणार. ५८० हे पूर्ण १६ लेनचं कार्ड आहे, त्याला याच बोर्डावर ८ जीबीचा रस्ता मिळतो. जुन्या बोर्डावर नवं स्वस्त कार्ड लावण्यातली मेख इथे आहे आणि ती खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते.

मग म्हटलं, ५८० द्या. तर तेही देईनात.

मूळचे धरणगावकडचे असावेत, मी अमळनेरची कळल्यावर त्यांनी सरळ अहिराणीच लावली. पहिला प्रश्न, "ताई, कोनाकरता लेवानं शे?" म्हटलं, "मन्हाकरताच." त्यावर ना हसले, ना भुवई उंचावली, कुठले गेम खेळता ते विचारलं. एवढ्यावरच माझ्याकडून एक गुण जास्त. (आधीच्या दुकानातला पोरगा शेवटपर्यंत "तुमच्या मिस्टरांना विचारा" म्हणत होता.)

मग त्यांनी माझा एसएमपीएस स्क्रू काढून बाहेर ओढला आणि हातात दिला. वजन म्हणावं तर काहीच नाही. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. त्यांनी बोट ठेवलं ते खालच्या बारीक तक्त्यावर, १२ व्होल्टच्या रकान्यात. तिथे १४ अँपिअर. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. एकटं ५८० जोरात चालताना १८५ वॅट खातं, त्यावर प्रोसेसरचे ८४. म्हणजे ४५० चं लेबल असलेला डबा एकट्या कार्डालासुद्धा पुरत नव्हता. शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनची केबलच त्याला नव्हती. कन्व्हर्टर लावून ती ओढून आणायची म्हणजे हार्ड डिस्कच्या बारीक वायरीतून सगळा करंट घ्यायचा. "ह्या डब्बावर कार्ड लावं ते बठ्ठं जयी जाई," म्हणाले, म्हणजे सगळं जळून जाईल. "पैसा तुमना, पन मन्हं नाव खराब व्हई."

दोन रस्ते त्यांनी पुढे ठेवले. एसएमपीएस तोच ठेवायचा असेल तर जीटीएक्स १६५०. हे २०१९ चं कार्ड ७५ वॅटमध्ये भागवतं, तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळते, वेगळी केबल लागत नाही (घेताना बिनकेबलचं मॉडेल बघून घ्यायचं, काहींना सहा पिन असते). पण मेमरी ४ जीबीच. किंवा आधी चांगला एसएमपीएस आणि मग ५८०, ८ जीबीवालं. जुन्या बाजारात दोन्ही कार्डांच्या भावात फार फरक नाही, फरक एसएमपीएसच्या पैशांचा. मी दुसरा रस्ता धरला. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), १२ व्होल्टच्या रकान्यात ४० अँपिअरच्या वर, ३,७०० रुपये. पुढे कधी मशिन बदललं तरी एसएमपीएस उचलून त्यात लावता येतो, कार्डाचं तसं सांगता येत नाही.

आता कार्ड. ६,८०० रुपये, जुनं, दोन पंख्यांचं. बाजारातली बहुतेक जुनी ५८० मायनिंगमधून (आभासी चलन कमावायला कार्डं सतत चालवत ठेवणं) आलेली असतात हे उघड गुपित आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि ही कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण तपासल्याशिवाय घेणं म्हणजे आंधळेपणा. भाऊंनी काउंटरवरच उघडं मशिन ठेवलंय, त्यात कार्ड लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून आधी शेडरचा, म्हणजे चिपमधल्या चित्राचं गणित करणाऱ्या बारीक भागांचा आकडा दाखवला, २३०४. हा आकडा प्रत्येकाने पाहावाच, कारण ५८० नावाचंच एक २०४८ शेडरवालं कार्ड आहे, ते मुळात ५७० च, फक्त नाव ५८० चं. त्याला ५८० च्याच भावात खपवतात. मग बायोस, म्हणजे कार्ड कसं चालावं ते ठरवणारा त्याच्यातलाच प्रोग्राम, मायनिंगसाठी बदललेला आहे का ते पाहिलं. होता. त्यांनी मूळ बायोस चढवला आणि मशिन पुन्हा चालू करून दाखवलं.

त्यानंतर हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, काढला. चिपवरची थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. मेमरीच्या चिपांवरचे पॅड दाबल्यावर परत फुगत नव्हते, तेही बदलले. पंख्याच्या पात्यांवर राखाडी मळ इतका घट्ट बसलेला, की ब्रशने हलेना, स्पिरिटचा बोळा फिरवावा लागला. पेस्ट नवी लावून परत बसवलं आणि फरमार्क, म्हणजे कार्डाला पूर्ण ताण देणारी टेस्ट, चालू केलं. अर्धा तास. तापमान ७८ वर जाऊन थांबलं. मग ओसीसीटीतली मेमरीची टेस्ट, तिच्यात एकही एरर नाही. या सगळ्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मी शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पाहत होते. मधे दोन गिऱ्हाइकं मोबाइलचं टेम्पर्ड विचारायला आली, त्यांना हाताने नाही म्हणाले, नजर स्क्रीनवरून हलली नाही.

कार्ड माझ्या कॅबिनेटात मावेना. साधारण २४ सेंटिमीटरचं कार्ड, आणि समोर हार्ड डिस्कचा पिंजरा. त्याचे रिव्हेट ड्रिलने उडवून पिंजराच काढला आणि हार्ड डिस्क तळाशी दोन स्क्रूवर बसवली. ज्यांचे कॅबिनेट छोटे, ऑफिसातले ब्रँडेड आहेत, त्यांनी घरी पट्टी लावून बघूनच निघावं. त्यातल्या काहींचा एसएमपीएसही वेगळ्या आकाराचा असतो, बाजारातला बसत नाही.

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, ५१२ जीबी, ३,२०० रुपये. इथे एक बारीक गोष्ट. एच-८१ बोर्डावर डिस्क जोडायची साटाची चार पोर्टं असली तरी वेगवान दोनच, उरलेली दोन निम्म्या वेगाची. एसएसडी वेगवानवरच गेली पाहिजे. आमच्या बोर्डावर दोहोंचा रंग वेगळा आहे, पण सगळ्या बोर्डांवर असेलच असं नाही, शेजारचं बारीक अक्षर वाचायचं. या एका वस्तूने माझ्या दिवसाच्या धंद्याला जेवढा फरक पडला तेवढा बाकी कशानेच नाही. कोरल आता चहाचं आधण ठेवायच्या आत उघडतं. गेम सोडा, कुणाचं फक्त ऑफिसचं काम असेल तर ३,२०० रुपये खर्च करून इथेच थांबावं.

रॅमची दुसरी ८ जीबी, जुनी, ८०० रुपये. रेड डेडला शिफारशीत १२ जीबी मागतात, त्यामुळे ८ मध्ये भागत नाही. शिवाय एकाच्या जागी दोन रॅम झाल्यावर मेमरी दोन्ही वाटांनी चालते आणि फ्रेम स्थिर राहतात. या बोर्डाची धाव १६ जीबीवर संपते, स्लॉटही दोनच, म्हणजे हा विषय संपला.

प्रोसेसर मात्र मी नंतर बदलला. आय-५ वर रेड डेडमध्ये गावाबाहेर, डोंगरात, घोड्यावर सगळं छान चालायचं. गेममधल्या सेंट डेनिस शहरात शिरलं की चारही कोअर १०० टक्क्यांना टेकायचे, कार्ड निवांत बसायचं आणि चित्र झटके द्यायचं. रेड डेड २ च्या शिफारशीत आय-७ ४७७०-के, जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ४८० लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्याच पिढीचा प्रोसेसर, फक्त आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चारऐवजी आठ कामं हाताळणारा. भाऊंनी माझा आय-५ घेऊन साधा ४७७० दिला, वर २,४०० रुपये. बोर्डाला बायोस अपडेटही लागलं नाही. सेंट डेनिसमध्ये आता ४० च्या आसपास फ्रेम मिळतात, झटके जवळजवळ गेले. गेमच्या सेटिंगमध्ये डायरेक्टएक्सऐवजी व्हल्कन ठेवते (गेमने कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या या दोन पद्धती), या कार्डावर माझ्याकडे तेच जास्त स्थिर चालतं.

बाकी गेमचं थोडक्यात. जीटीए ५ ची जुनी आवृत्ती हाय सेटिंगवर ६० ला बांधून ठेवली आहे, गवताची सेटिंग तेवढी खाली ओढली. फोर्झा होरायझन ५ हाय वर मस्त. सायबरपंक २०७७ च्या आताच्या किमान यादीत आरएक्स ५८० आहे, पण प्रोसेसर आय-७ ६७०० मागतात, म्हणजे कार्ड उंबरठ्यावर आणि प्रोसेसर उंबरठ्याच्या बाहेर. एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करून दाखवायची सोय) चालू करून, गर्दी कमी करून ४० फ्रेम मिळतात, रस्त्यावर जोरात गाडी हाणली की खाली येतात. मी खेळते, पण याच गेमसाठी कुणी हा खर्च करणार असेल तर करू नये.

आणि जे चालणारच नाही ते आधीच सांगून ठेवते. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम द डार्क एजेस या दोन्हींना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर सक्तीचं आहे, ५८० मध्ये ते नाहीच. सेटिंग कितीही उतरवा, उपयोग नाही. पुढे असे गेम वाढणार. ५८० बनवणाऱ्या एएमडीनेही या पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर आता कमी वेळा द्यायला सुरुवात केली आहे. माझ्यासारख्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या मशिनवर विंडोज ११ अधिकृतपणे येत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी बँकेचं काम या मशिनवरून काढून फोनवर नेलं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचं मशिन असेल तर यातला कार्डाचा खर्च करूच नका. एव्हीएक्स-२ हा प्रोसेसरमधला सूचनांचा संच इंटेलकडे चौथ्या पिढीपासून आला आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय उघडत नाहीत.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्या-बंगळूरच्या लोकांचे तापमानाचे आकडे आपल्याकडे लागू पडत नाहीत. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं तेव्हा दुकानात पंखा गरम हवाच फिरवतो. दुपारी गेम लावला तर कार्ड ८३-८४ ला जातं आणि पंख्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. उपाय फुकटचा आहे. एएमडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं व्होल्टेज खाली आणायचं. माझं मूळ १,१५० मिलिव्होल्ट होतं, १३०० मेगाहर्ट्झला १,०५० वर आणून ठेवलंय. फ्रेम दोन-तीनने कमी झाल्या असतील, तापमान सात-आठ अंशांनी उतरलं. प्रत्येक कार्डाला हा आकडा वेगळा बसतो, थोडं थोडं खाली आणत जायचं, स्क्रीनवर ठिपके दिसले की एक पायरी वर. कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका, ओल आणि आपल्याकडची धूळ मिळून आत चिखल होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला जिनिंग आहे, हंगामात कापसाचा भुरा जाळीवर रोज साचतो. समोरच्या जाळीला मी जुनी ओढणी ताणून बांधली आहे, दर रविवारी झटकते.

लाइट जाण्याचं काय, हे कुणीतरी विचारणारच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. पत्रिकेच्या कामाला पुरतो, गेम चालू असताना लाइट गेली की मात्र चीं करून बसतो. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाकल्यावर मशिन बंद पडणं थांबलं. वीजबिल म्हणाल तर गेम खेळताना सगळं मिळून तीनशे वॅटच्या अलीकडे-पलीकडे, चार तास खेळले तर युनिट-सव्वा युनिट.

आता दुकानाबद्दलची कुरकुर. पावतीवर नुसतं "ग्राफिक कार्ड जुने" लिहिलं होतं. सिरियल नंबर टाका म्हटल्यावर टाकला, पण म्हणावं लागलं. जुन्या मालाला वॉरंटी महिनाभराची आणि तीही तोंडी, ती मी पावतीच्या मागे लिहून सही घेतली. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, म्हणजे मागणाऱ्याला मिळते. नव्या एसएसडी आणि एसएमपीएसची कंपनीची वॉरंटी आहे, त्यांचं पक्कं बिल वेगळं मिळालं. भावात घासाघीस केली तर शंभर-दोनशेच सुटतात. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर मात्र रात्री अकरालाही उत्तर येतं. बसायला एकच स्टूल. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनी लिहू नका म्हटलंय. वरच्या मजल्यावर जुन्या मॉनिटरांचा ढीग दिसेल, त्याच्या पलीकडचं.

जाणार असाल तर सीपीयू बरोबर न्या, फोटो दाखवून काम होत नाही. सकाळीच पोहोचा. टेस्टिंगला अर्धा दिवस सहज जातो आणि दुपारी ते जेवायला घरी जातात.